गुळाची यादी

६ जानेवारी, सोमवार

सकाळी ९.४० ला परळच्या प्रकल्प कार्यालयात हजर झालो. वेळ दहाची होती. शिपाई म्हणाला, "काका, अजून झाडू मारायचाय." म्हटलं, मार, मी बाहेर उभा राहतो. अठ्ठावीस वर्षं गिरणीच्या टाइम ऑफिसात बसून लोकांचे उशीर लिहिले, आता आपण उशिरा जायचं हे जमणार नाही.

काम मोठं आहे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, पण गिरणगावातल्या माणसाच्या हाताला काम उरलं नाही. ते परत कसं आणायचं याचा आराखडा होणार आहे. त्याआधी इथे आज कोण काय काम करतं, हे मोजायचं आहे. आमच्या गल्लीसाठी त्यांना इथलाच, लिहिता-वाचता माणूस हवा होता. माझं अक्षर बघून आमच्या पर्यवेक्षक स्पृहा मॅडम म्हणाल्या, "काका, हे तर छापल्यासारखं आहे!" मुलगी तिशीची असेल, दादरची, बोलायला फार गोड.

फॉर्मचे चार भाग आहेत. नाव, काम, किती माणसं, आणि शेवटी एक रकाना: धूळ, धूर, वास, आवाज, होय की नाही. दुसऱ्या गल्ल्यांतून आलेल्यांनी ह्या रकान्याबद्दल शंका विचारल्या. मी विचारली नाही. हा रकाना मी जन्मभर भरला आहे.

९ जानेवारी

सुरुवात घरापासून करावी म्हणून कालिंदीकडे गेलो. माझी धाकटी बहीण, दोन दारं सोडून राहते. बायको गेल्यापासून मी तिच्याकडेच जेवतो. दोन शिलाई मशिनं आहेत. साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते, हाताखाली दोघीजणी येतात.

फॉर्म बघून म्हणाली, "माझा नाव खंयच्याच कागदावर नको."

"अगं, मदत मिळेल."

"माका मदत नको. माझी खोली आणि माझी मशिनं माझ्याकडे रवली म्हणजे झाला. जेवतस काय आता?"

जेवलो. बांगड्याचं तिखलं होतं. फॉर्म कोरा राहिला.

१४ जानेवारी, संक्रांत

हे लिहिताना खरोखर हात थांबतोय. आमची सातेरी चाळ आणि समोरची गल्ली मिळून कामाचे बावीस खोल्या-गाळे निघाले, काहींचे फॉर्म अजून बाकी आहेत. आत काम करणारी माणसं सदुसष्ट! मी इथेच जन्मलो, रोज ह्याच गल्लीतून दूध आणतो, आणि मला वाटत होतं की गिरणी बंद झाली त्या दिवशी इथलं काम संपलं. तिसऱ्या मजल्यावर एक माणूस दाताच्या कवळ्या बनवतो. सतरा वर्षं! मला पत्ता नाही.

रमाबाईंच्या खानावळीत चाळीस डबे होतात. वासाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "होय लिहा की. माझ्या कालवणाचा वास भारतमाता टॉकीजपर्यंत जातो." गौतमचं लेथ मशीन आहे, दारं-खिडक्यांचे सुटे भाग करतो. मी "आवाज: होय" लिहिलं तर म्हणतो, "रघुभाऊ, नुसतं होय नको. लय आवाज, असं लिहा."

गल्लीत बातमी फुटली आहे. होय लिहिलं की प्रकल्पवाले आधी त्याच्याकडे बघणार, असं मीच सांगितलं. आता जो तो आपली धूळ दाखवायला बोलावतो. प्रत्येक घरात तिळगूळ मिळाला. दात दुखतोय.

२१ जानेवारी

आज धोंडूचा गाळा केला. लालबागच्या मसाल्याच्या बाजारामागे त्याची मिरची कुटायची मशिनं आहेत, सहा माणसं कामाला. स्पृहा मॅडम सोबत होत्या. दारातच शिंकायला लागल्या, सात वेळा. मी मोजलं. धोंडू हसून हसून बेजार. "मॅडम, ह्यो ट्रेलर हा. सीझन मार्चात."

धोंडू आणि मी एका गिरणीतले. तो कार्डिंगमध्ये होता, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे इतकी धूळ की माणसं संध्याकाळी पांढरी होऊन बाहेर पडायची. अशा खात्यांतल्या माणसांना गिरणी रोज गुळाचा खडा द्यायची, घशातली धूळ उतरावी म्हणून. गूळ कोणाला द्यायचा, याची यादी टाइम ऑफिसात मी करायचो. खात्यापुढे धूळ असेल तर होय, नसेल तर नाही. होय म्हणजे गूळ. अठ्ठावीस वर्षांत त्या यादीत एक नाव मी चुकीचं लिहिलं नाही.

म्हणून मला ह्या फॉर्मचा रकाना बघून बरं वाटलं. ज्याला जास्त त्रास, त्याला आधी मदत. बाकी सगळं बदललं, पण एवढी रीत अजून राहिली आहे.

२३ जानेवारी

एक गोष्ट वहीत लिहून टाकतो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

कालिंदीचा नवरा शिवा साचेखात्यात होता, मागांवर. तिथे आवाज भयंकर, पण नियमाप्रमाणे धुळीच्या खात्यांत ते येत नव्हतं. शिवाला खोकला लागला तेव्हा तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला होता. म्हणाला, "रघुदादा, यादीत माझं नाव घाल ना. एक खडा." मी म्हटलं, "शिवा, नियमात बसत नाही." तो "बरं" म्हणून गेला. तीन वर्षांनी वारला. डॉक्टर म्हणाले होते, गुळाने काही झालं नसतं. पण खिडकीतून दिसलेला त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कालिंदीने हा विषय आजवर एकदाही काढलेला नाही.

आज तिचा फॉर्म मीच भरला. तिला न विचारता. दोन शिलाई मशिनांचा आवाज तो किती? शेजारच्या टीव्हीपुढे ऐकूही येत नाही. कापडाचं बारीक तूस उडतं, त्याला धूळ म्हणता येत नाही.

मी लिहिलं: धूळ होय, आवाज होय.

आयुष्यातली पहिली खोटी नोंद. पण लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

३१ जानेवारी

फॉर्म जमा केले. प्रत्येकावर माझी सही. स्पृहा मॅडम म्हणाल्या, इतका पूर्ण डेटा दुसऱ्या कुठल्याच गल्लीतून आला नाही. "बाकीच्यांनी शेवटचा रकाना रिकामाच ठेवलाय, काका. लोक सांगत नाहीत." मला हसू आलं. माणसांना विश्वासात घ्यावं लागतं.

१२ फेब्रुवारी

दोघेजण हातात लाल किरणाचं यंत्र घेऊन गाळे मोजत होते. एकीने कालिंदीचे मशिनवर बसलेले फोटो काढले, तीस-चाळीस. कालिंदी वैतागली होती, पण फोटोआधी तिने पदर नीट केला. मी पाहिलं! गल्लीत उत्साह आहे. धोंडू म्हणतो, नवीन वीज कनेक्शन मिळालं तर तिसरं मशीन टाकेन, आणखी दोघांना काम देईन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज हॉलमध्ये आराखडा दाखवला. मी गल्लीतल्या एकवीस जणांना स्वतः घेऊन गेलो होतो. पहिल्या रांगेत बसलो.

पडद्यावर आमची गल्ली आली. रंगवलेली, स्वच्छ, झाडं लावलेली. कॉफीची दुकानं, चित्रकारांचे स्टुडिओ, एक छोटं म्युझियम, वीकेंडला खाद्यभ्रमंती. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, यातून दोन हजार रोजगार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग नकाशा आला. त्यावर लाल ठिपके. साहेब म्हणाले, "ह्या युनिट्समुळे धूळ, वास आणि आवाज होतो. नव्या गिरणगावात ती बसत नाहीत. त्यांना वासिंदच्या पुढे सुसज्ज शेड देण्यात येतील."

मी ठिपके मोजले. बावीस. चष्मा पुसून पुन्हा मोजले.

पुढची स्लाइड म्हणजे गल्लीच्या तोंडावरची भिंत, आणि त्यावर तीन मजले उंच चित्र. मशिनवर वाकलेली कालिंदी. पदर नीट केलेली. खाली लिहिलं होतं: गिरणगावची जिद्द. भिंतीवर कालिंदी राहणार आणि खरी कालिंदी लोकलने दोन तासांवर, वासिंदच्या पुढे जाणार. माझ्या बाजूला ती बसली होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

धोंडू मागच्या रांगेतून उठला. "ह्या कोणी लिवन दिल्यान?"

साहेबांनी कागद बघून प्रेमाने सांगितलं, "आपल्याच गल्लीतले श्री. रघुवीर. उत्कृष्ट काम केलंय त्यांनी." आणि हॉलमध्ये पुन्हा टाळ्या वाजल्या. दुसऱ्या गल्ल्यांतल्या लोकांनी वाजवल्या, त्यांच्या नकाशावर एकही ठिपका नव्हता.

२५ फेब्रुवारी

काही सुचत नाही.

२७ फेब्रुवारी

कार्यालयात गेलो. ८.५० लाच पोचलो. स्पृहा मॅडमना म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "काका, तुम्ही विचारलंच नाहीत. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला खरंच आश्चर्य वाटत होतं, की लोक इतक्या आनंदाने होय कसं म्हणतात."

मी त्यांना गुळाची गोष्ट सांगितली. त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "असा कुठलाच रकाना आता नसतो, काका."

खरं आहे. मी विचारलं नाही. मला येतंच आहे, ह्या गुर्मीत राहिलो. आमच्या गल्लीत बावीस ठिकाणी काम चालू होतं, बुडालेल्या गिरणगावातलं उरलंसुरलं काम, आणि मी त्याची नावनिशीवार यादी करून, सही करून, हाताने नेऊन दिली. एवढं कळायला मला चौसष्ट वर्षं पुरली नाहीत. माझी मलाच किळस येते आहे.

म्हटलं, निदान कालिंदीची नोंद दुरुस्त करा, ती चुकीची आहे. मॅडम म्हणाल्या, १९ मार्चला सुनावणी आहे, तिथे लेखी सांगा.

४ मार्च

कालिंदीकडे जेवायला जायचं तोंड नाही, म्हणून रमाबाईंकडे डबा लावला. त्यांनी नकार दिला नाही. झाकण मात्र माझ्यापुढे आपटलं. गौतमने लेथ बंद करून मला जाऊ दिलं, मगच चालू केलं. म्हणाला, "तुम्हाला आवाजाचा त्रास होईल, रघुभाऊ." धोंडू माझ्याकडे बघतच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कालिंदीला सांगून टाकलं की तिचा फॉर्म मी भरला, आणि खोटा भरला. का भरला ते सांगायचं धाडस झालं नाही. तिने कात्री खाली ठेवली. "माझा नाव नको म्हणून सांगितलंय ना तुका?" एवढंच. तिच्या हाताखालच्या दोघीजणी खाली मान घालून शिवत राहिल्या. त्यांतली एक विरारहून येते. ती वासिंदला कशी जाणार?

१३ मार्च, होळी

संध्याकाळी चाळीसमोर होळी पेटली आणि पोरांनी बोंबा ठोकल्या. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या नावाने ठोकतात. यंदा माझ्या नावाने होत्या. गॅलरीत उभा राहून सगळ्या ऐकल्या. आत जावंसं वाटलं नाही. नारळ टाकायला खाली गेलो तर लोकांनी वाट करून दिली, नको तेवढी मोठी.

१८ मार्च

उद्या सुनावणी. अर्ज लिहून ठेवला: नोंद क्रमांक एकवीस, कालिंदी, धूळ व आवाज हे चुकीने लिहिले गेले, तरी दुरुस्ती व्हावी. कालिंदीला वाचून दाखवला. तिने विचारलं, "चुकून कसा लिवलंस तू? तू तर कधी चुकणस नाय."

मग सांगितलं. शिवाचं खिडकीशी येणं, गूळ मागणं, माझं नाही म्हणणं. हे बोलायला मला इतकी वर्षं लागली.

कालिंदी माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. मला वाटलं, हिला वेडबिड लागलं की काय.

"दादा, ह्यांका रोज गूळ मिळायचो."

"कसा मिळेल? यादीत नाव नव्हतं."

"तुझी यादी बघून गिरणी चालत होती असा वाटता तुका? धोंडू आपलो खडो दातान तोडून अर्धो ह्यांका द्यायचो. रोज. हे मेले तोवर. घरी येऊन हे सांगायचे, आज पण धोंड्याचो उष्टो गूळ खाल्लो. सगळ्या गिरणीक म्हायत होता."

अठ्ठावीस वर्षं मी त्या खिडकीत बसलो होतो. कोण आत आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, सगळं माझ्याकडे लिहिलेलं. आणि पन्नास पावलांवर एक माणूस रोज आपला खडा तोडून माझ्या मेव्हण्याला देत होता, हे मला दिसलं नाही. माझ्या यादीत धोंडू पूर्ण खडा खात होता.

त्याच धोंडूच्या नावापुढे मी चारही होय लिहिले. सगळे खरे.

कालिंदी म्हणाली, "ह्यो अर्ज घेऊन जातलंस? माझ्या एकटीचो?"

अर्ज खिशात ठेवला.

१९ मार्च, बुधवार

नीट लिहिता येईल असं वाटत नाही, तरी लिहितो.

सुनावणीला तीन अधिकारी होते. गल्लीतली माणसं मागे उभी होती. माझं नाव पुकारलं. अर्ज खिशातच होता, त्याला हात लावला नाही. म्हटलं, "साहेब, माझ्या सर्वेक्षणात खोटी नोंद आहे. मी मुद्दाम केली."

मधले साहेब म्हणाले, "कुठली?"

"एकवीस नंबर. माझी सख्खी बहीण. तिच्याकडे धूळही नाही, आवाजही नाही. तिला फायदा होईल म्हणून लिहिलं."

"ठीक आहे, एवढी एक वगळू."

इथे थांबता आलं असतं. कालिंदीची खोली, कालिंदीची मशिनं वाचली होती. माझाही खरेपणा बराचसा शाबूत राहिला असता, बावीसातली एक चूक. मागे धोंडू उभा आहे हे मला न वळता कळत होतं, त्याच्या कपड्यांना मिरचीचा वास येतो.

म्हटलं, "एक नाही, साहेब. सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"बावीसच्या बावीस. घरात बसून भरल्या. कोणाकडे गेलो नाही."

साहेबांनी चष्मा काढला. अशा खोट्या कागदावर सही करायची लाज कशी वाटली नाही, असं विचारलं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. टेबल धरून उभा राहिलो.

मग ते स्पृहा मॅडमकडे वळले. "तुमची पर्यवेक्षक म्हणून सही आहे. तुम्ही एखाद्या तरी ठिकाणी प्रत्यक्ष गेला होतात?"

ही मुलगी सात वेळा शिंकली होती. गौतमच्या लेथपुढे तिने कान झाकले होते. रमाबाईंकडे तर सोलकढी मागून घेतली होती.

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, "नाही सर. एकाही ठिकाणी नाही. माझी चूक झाली."

निर्णय: आमच्या गल्लीचं सर्वेक्षण रद्द. नव्याने होईल, कधी ते ठरलेलं नाही. तोवर कोणालाही हलवायचं नाही. मला ह्यापुढे असं कुठलंही काम द्यायचं नाही, तसा शेरा. मॅडमचं काय होणार, माहीत नाही. जिन्यात त्यांना गाठून माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी लोकांना आधीच नीट सांगा, रकाना कशाचा आहे ते." त्यांचे डोळे भरलेले होते, पण चालत्या पावली निघून गेल्या.

जन्मात दोनदा खोटं लिहिलं-बोललो. पहिल्याने घात केला, दुसऱ्याने तात्पुरतं भागलं. कुठल्याची लाज बाळगावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२० मार्च

रमाबाईंच्या डब्यात आज माशाच्या दोन तुकड्या जास्त होत्या. गौतम मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "रघुभाऊ, माझ्याकडे न येता माझा आवाज तुम्हाला कसा कळला हो?" आणि लेथ चालू केलं.

धोंडू अजून बोलत नाही.

२४ मार्च, सोमवार

सकाळी ७.१० ला दार वाजलं. धोंडू. आत आला नाही. "काय करतंस दिवसभर?"

म्हटलं, काही नाही.

"सीझन चालू झालो. माणसा कमी पडतत. मिरचेची देठा काढूक ये. टायमावर ये."

७.४५ ला गेलो. वेळ आठची होती. त्याने एक पोतं पुढ्यात ओतलं आणि आपल्या मशिनकडे गेला. चौसष्ट वर्षांचा झालो, पण धुळीच्या खात्यात आज पहिल्यांदा बसलो. दहा मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, मग घसा. तासाभरात खोकला थांबेना. शेजारच्या बाया हसत होत्या. एकीने नाकाला बांधायला फडकं दिलं. बोटं अजून जळतायत, पेन नीट धरता येत नाही.

बारा वाजता मशिनं बंद झाली. धोंडू हात पुसत माझ्याजवळ येऊन बसला. एक महिना झाला, आम्ही इतक्या जवळ बसलो नव्हतो. मला बोलायचं होतं, पण खोकल्याने बोलता येईना. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत गुळाचा खडा होता. त्याने तो दातांनी तोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.